परवडणारा मॉनिटर कॅलिब्रेटर कुठला घ्यावा? (आणि बाप्पाचा केशरी पीतांबर विटकरी का झाला)

चाळकरी_क्लिक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

राहतो लालबागला, पोटापाण्याची नोकरी वेगळीच आहे, फोटो म्हणजे शनिवार-रविवारचं वेड. यंदा आमच्या चाळीच्या गणपतीचे फोटो मीच काढले आणि मंडळाच्या ऑफिसात लावायला १२ बाय १८ चे तीन प्रिंट काढून आणले. घरी स्क्रीनवर काय दिसत होते राव, केशरी पीतांबर नुसता झळझळत होता, मागच्या मखराची नक्षी न नक्षी मोजून घ्या. प्रिंट हातात आले तर पीतांबर विटकरी आणि मखर म्हणजे काळोख. अध्यक्षांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि विचारलं, "हे विसर्जन झाल्यावरचे काय रे?" अख्खं ऑफिस हसलं, मीपण हसलो, पण पैसे माझ्या खिशातले होते ना.

लॅबवाला म्हणतो फाईलच तशी आहे, मॉनिटर कॅलिब्रेट करा. मॉनिटर २४ इंची आयपीएस, दोन वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून साडेअकरा हजाराला घेतलेला. आता त्याचे रंग तपासायचं यंत्र बघायला गेलो तर ते मॉनिटरपेक्षा महाग, म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. माझं बजेट ओढूनताणून आठ ते दहा हजार. स्पायडर घ्यावा की कॅलिब्राइट, सेकंडहँड चालेल का, का मोबाईल अ‍ॅपने होतं हे काम? जाणकारांनी प्लीज प्रकाश टाकावा.

खवचट

लॅब बदल. दहा हजार वाचले. मला निम्मे पाठव. (दिवे घे)

फोकसकाका

चाळकरी, यंत्र नंतर घे, आधी तीन प्रश्नांची उत्तरं दे. मॉनिटरचा ब्राइटनेस किती आहे? खोलीत उजेड कसला आहे? फाईल कुठल्या कलर स्पेसमध्ये (म्हणजे रंगांच्या कुठल्या मापात) एक्स्पोर्ट केलीस?

चाळकरी_क्लिक

काका, ब्राइटनेस १००, पहिल्या दिवसापासून. खोली दहा बाय बारा, डोक्यावर पांढरी ट्यूब, खिडकी मॉनिटरच्या बरोबर मागे, पण मी काम करतो रात्री साडेदहानंतरच, घरचे झोपले की. ट्यूब बंद करून. एक्स्पोर्ट अडोबी आरजीबी, कारण त्यात जास्त रंग असतात असं ऐकलेलं.

फोकसकाका

सापडला चोर. एक नाही, दोन.

बत्तीस वर्षं प्रीप्रेसमध्ये (छपाईआधी फाईल तयार करण्याच्या कामात) काढली, आधी फोर्टला आणि मग लोअर परळला, आणि "प्रिंट काळा आला" म्हणून भांडायला आलेल्या दहा माणसांपैकी आठांचा मॉनिटर भगभगत असायचा. कारखान्यातून मॉनिटर येतो तो शोरूमच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून, अडीचशे निट्सच्या (हे उजेडाचं माप) आसपास सहज असतो. एसआरजीबी हे रंगांचं स्टँडर्ड १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणलं, त्यात स्क्रीन धरली आहे फक्त ८० कॅन्डेलाची (निट्स म्हण की कॅन्डेला म्हण, चौरस मीटरमागे मोजायचं, एकच). प्रिंटसाठी काम करणारे साधारण ८० ते १२० मध्ये ठेवतात. तू अंधाऱ्या खोलीत अडीचशेवर बसलास, फोटो इतका उजळ दिसला की तू एक्स्पोजर वर करायचं सोड, खालीच ओढलं असशील. मखरातली नक्षी तुला दिव्याने दाखवली, फाईलमध्ये ती अंधारातच होती. कागदाच्या मागे दिवा नसतो रे बाबा.

दुसरा चोर अडोबी आरजीबी. फाईलमध्ये रंग नसतो, आकडे असतात, आणि ते कुठल्या मापाचे हे प्रोफाईल सांगतं. गल्लीतल्या मिनीलॅबची मशीन बहुतेक वेळा ते प्रोफाईल वाचतच नाहीत, सगळं एसआरजीबीच समजतात. म्हणजे तू किलोत लिहून दिलंस आणि त्याने अर्ध्या किलोत वाचलं. केशरीतला जोर गेला, उरला विटकरी. लॅबने प्रोफाईल मागितलं नसेल तर डोळे मिटून एसआरजीबी पाठव.

आज रात्री एवढंच कर. कोरा ए-फोर कागद मॉनिटरच्या शेजारी धर, ट्यूब लावून, म्हणजे एरवी प्रिंट बघशील त्या उजेडात. स्क्रीनवर कोरी पांढरी फाईल उघड. स्क्रीन दिव्यासारखी वाटतेय तोवर ब्राइटनेस खाली आणत जा, कागद आणि स्क्रीन एका जातीचे दिसले की थांब. मग तोच फोटो पुन्हा एडिट कर, एसआरजीबीत काढ आणि ४ बाय ६ चा एकच प्रिंट मार. तेवढ्यासाठी दहा हजार लागत नाहीत.

रच्याकने (बाय द वे), अंधारात एडिट करणं बंद कर. डोळेपण जातील आणि फोटोपण.

खवचट

काकांनी माझे निम्मे पैसे बुडवले.

डोंबोलीफास्ट

काकांना +१. पण ब्राइटनेस डोळ्याने लागतो, रंग नाही लागत. आपला डोळा लय लबाड, पाच मिनिटं निळसर स्क्रीनकडे बघितलं की तो तिलाच पांढरी धरून चालतो. म्हणून यंत्र.

मोबाईल अ‍ॅप विसर. कॅमेरा स्वतःच व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर फिरवत बसतो, तो काय दुसऱ्याचं मोजणार.

यंत्रांच्या दोन जाती. कलरीमीटर म्हणजे आत लाल-हिरव्या-निळ्याचे फिल्टर, माणसाच्या डोळ्याची नक्कल करणारे, ती नक्कल सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१ च्या मापांवर बेतलेली. दुसरा स्पेक्ट्रोफोटोमीटर, तो उजेड फोडून एकेक तरंगलांबी मोजतो, त्याने कागदपण मोजता येतो, पण महाग आणि अंधाऱ्या पॅचवर (मापायला स्क्रीनवर दाखवलेला रंगाचा चौकोन) जरा अडखळतो. घरी प्रिंटर नसेल आणि कागदाचं प्रोफाईल बनवायचं नसेल तर त्याच्या वाटेला जायचंच नाही. तुला कलरीमीटर पुरे.

आता नावांचा घोळ, कारण सेकंडहँड शोधताना इथेच माणूस फसतो. एक्स-राइट कंपनीचा आयवन डिस्प्ले प्रो आणि कलरमंकी डिस्प्ले. दोन्हीच्या आतला सेन्सर एकाच घराण्यातला, कलरमंकी मोजायला सावकाश, बाकी मापं तितकीच विश्वासाची. २०२१ पासून फोटोवाल्यांचा हा माल कॅलिब्राइट नावाने येतो, कलरचेकर डिस्प्ले प्रो म्हणून आला तो आयवनचाच अवतार. दुसरं घराणं डेटाकलरचं, स्पायडर. २०१९ च्या स्पायडर एक्समध्ये प्रो आणि एलिट अशी दोन नावं, हार्डवेअर एकच, फरक सॉफ्टवेअरमध्ये काय काय उघडून देतात त्याचा. एलिटचे जादा पैसे कशाला द्यायचे ते मला कळलेलं नाही, कारण सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

त्याचं नाव डिस्प्लेकॅल. खाली आर्गिल सीएमएस नावाचं इंजिन चालतं, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. मूळ डिस्प्लेकॅल जुन्या पायथनवर अडकलं होतं, आता लोकांनी पायथन ३ वर आणलेली आवृत्ती घ्यायची. त्यामुळे यंत्र घेताना डब्यावरची स्तुतिसुमनं वाचू नकोस, आर्गिलच्या सपोर्टच्या यादीत मॉडेलचं नाव आहे का तेवढं बघ. म्हणजे उद्या कंपनीने नवीन विंडोजसाठी सॉफ्टवेअर काढायचं बंद केलं तरी तुझं यंत्र भंगारात नाही जाणार.

शिवडीचा_फ्लेमिंगो

सेकंडहँडवर माझा अनुभव टंकतो. खाडीवरचे पक्षी काढतो त्यामुळे गुलाबी रंगाचं मला वेड आहे हे आयडीवरून कळलंच असेल. काही वर्षांपूर्वी बोरा बाजारात लेन्सचं कव्हर घ्यायला गेलो आणि एका दुकानात जुना कलरीमीटर अगदीच स्वस्तात मिळाला. चालू होता, दिवा लागत होता, मी खूश. घरी लावला तर फ्लेमिंगो सगळे कावीळ झाल्यासारखे. मित्राच्या यंत्राने मोजल्यावर कळलं की आमच्या यंत्राच्या पांढऱ्यात आणि त्याच्या पांढऱ्यात मालाड-चर्चगेट एवढं अंतर.

झालं असं की त्या पिढीतल्या यंत्रांचे फिल्टर सेंद्रिय असायचे, दमट हवेत आणि वयाने ते उतरतात. आपल्याकडे जूनमध्ये चपलांना बुरशी येते तिथे फिल्टरची काय कथा. शिवाय ती यंत्रं जुन्या सीसीएफएल नळीच्या मॉनिटरांच्या काळातली, आताच्या एलईडीचा उजेड वेगळा. आयवन डिस्प्ले प्रोच्या घराण्यात काचेचे फिल्टर आहेत, ते बरेच टिकतात, त्यामुळे सेकंडहँड घ्यायचाच तर तो. आयवन डिस्प्ले २, स्पायडर २, स्पायडर ३ असलं काही कोणी "नव्यासारखा आहे" म्हणून दाखवलं तर हात जोडायचे आणि वडापाव खाऊन घरी यायचं.

आणि हो, स्पायडर सेकंडहँड घेताना मूळ डब्यातला सिरीयल नंबर मागून घ्या, कंपनीचं सॉफ्टवेअर तो मागतं.

खवचट

मी एक गंभीर प्रश्न विचारू का, खरंच गंभीर. लोक फोटो बघतात मोबाईलवर. एकाचा फोन व्हिव्हिड मोडवर, दुसऱ्याचा नाइट मोडवर पिवळा, तिसऱ्याची काच फुटलेली. मग तुम्ही इथे दोन टक्के निळ्यासाठी जीव का काढताय?

पैठणीवाली

खवचट, याचं उत्तर मी देते कारण माझे यात पैसे गेलेत. मी पार्ल्याहून ऑनलाइन साड्या विकते. "फोटोत वेगळा रंग होता" म्हणून साडी परत आली की जायचं-यायचं कुरियर माझ्या अंगावर, वर घडी मोडलेली. आधी मीपण म्हणायचे की बायकांचे फोनच तसे. मग एक दिवस परत आलेल्या पाच साड्या ओळीने मांडल्या आणि दुसऱ्या स्क्रीनवरच्या फोटोंशी लावून बघितल्या तर पाचही फोटो एकाच बाजूला चुकले होते, सगळे पिवळटलेले. म्हणजे माझा मॉनिटर निळसर होता आणि मी प्रत्येक फोटोत पिवळा ओतत होते. गिऱ्हाइकांचे फोन चारी दिशांना चुकतात, कोणाचा इकडे कोणाचा तिकडे. आपण मधोमध उभं राहिलो तर निदान सगळ्यांपासून सारखे लांब. आपणच एका टोकाला असलो तर अर्ध्या लोकांना दुप्पट चुकीचं दिसतं.

मी स्पायडर एक्स प्रो घेतला. महिन्यातून एकदा लावते, उरलेले एकोणतीस दिवस तो ड्रॉवरमध्ये झोपतो. एक गोष्ट मात्र कुठल्याच यंत्राने सुटली नाही, मोरपंखी. त्यातला गडद निळा-हिरवा एसआरजीबीत मावतच नाही, स्क्रीन कितीही सरळ केली तरी. तिथे मी सरळ लिहिते की प्रत्यक्षात रंग जास्त गडद आहे. आणि साडीबरोबर पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (रंग जुळवायचा राखाडी पुठ्ठा) धरते, कारण कॅमेऱ्यातच चूक असेल तर मॉनिटर बिचारा काय करणार.

खवचट

ताई, सपशेल माघार.

चाळकरी_क्लिक

अपडेट देतो. काकांनी सांगितलं तसं केलं, कागद धरून ब्राइटनेस १०० वरून २६ वर आला. पहिले दोन दिवस स्क्रीन आजारी वाटली, आई म्हणाली बल्ब गेला का रे. आता तीच नॉर्मल वाटते आणि ऑफिसातली स्क्रीन डोळ्यात घुसते. तोच फोटो परत एडिट केला, सावल्या उचलायला लागल्या, एसआरजीबीत काढला, ४ बाय ६ मारला. मखर दिसतोय! पीतांबर केशरी आहे! पण मूर्तीचा चेहरा आणि सोंड किंचित पिवळट येतेय, स्क्रीनवर तशी नाही. पैठणीवाली ताईंचं वाचून वाटतंय माझाही मॉनिटर निळा असणार.

माझ्या मित्राकडे डिट्टो हाच मॉनिटर आहे आणि त्याच्या ऑफिसच्या माणसाने तो कॅलिब्रेट करून दिलाय. त्याचं प्रोफाईल कॉपी करून टाकू का?

डोंबोलीफास्ट

नको. जुळ्या भावाचा चष्मा लावण्यासारखं आहे ते, एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे असतात, त्यात वय वेगळं, किती तास चालला ते वेगळं. तुझ्या मॉनिटरचं माप तुझ्याच मॉनिटरवर घ्यायचं.

पैठणीवाली

माझा स्पायडर घेऊन जा की. विकत घ्यायच्या आधी बघ तरी काय प्रकार आहे. मी शनिवारी दादरला येतेय फुलं घ्यायला, स्टेशनच्या पुलाखाली भेट, पण परत करताना केबलची गाठ मारून आणू नकोस.

लॅपटॉपवाला_ठाणे

मधेच विचारतो. माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे, पॅनल ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दाखवतो त्याचं माप) लिहिलंय, यंत्र लावून रंग सुधारतील का?

डोंबोलीफास्ट

ग्रे सरळ होतील, बाकी फारसं नाही. त्या पॅनलला एसआरजीबीचे बरेच रंग मुळात काढताच येत नाहीत, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. तुमचे पैसे बाहेरच्या मॉनिटरवर घाला, १०० टक्के एसआरजीबीचे आयपीएस आता परवडतात, काही कंपन्या फॅक्टरीतून तपासून कागदासकट देतात, आसुस प्रोआर्टचा पीए२४८क्यूव्ही त्यातलाच, डेल्टा ई (रंग किती चुकतो त्याचा आकडा) दोनच्या खाली असा दावा असतो.

फोकसकाका

चाळकरी, शनिवारी यंत्र घेशील तर लावण्याआधीचं ऐक. मॉनिटर अर्धा तास आधी चालू ठेव, गार मशीनवर माप घेऊ नकोस. नाइट लाइट बंद, इको मोड बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, लॅपटॉपचे आपोआप उजेड बदलणारे प्रकार असतील तर तेपण बंद. टार्गेट ठेव पांढरा ६५०० केल्विन (आकडा वाढला की निळसर), मधल्या छटांचा गॅमा २.२, उजेड १०० निट्स. डिस्प्लेकॅल विचारेल की मागचा दिवा कुठल्या जातीचा, तिथे तुझ्यासाठी व्हाइट एलईडी. ते चुकलं की सगळं चुकलं. आणि आधी मॉनिटरच्याच मेनूतले लाल-हिरवे-निळे गेन हलवून पांढरा जमेल तितका जवळ आण, मग सॉफ्टवेअरला उरलेलं करू दे. सगळं काम ग्राफिक कार्डावर टाकलंस तर ८ बिटमधल्या २५६ पायऱ्यांपैकी काही गळतात आणि आकाशात पट्टे दिसतात.

शेवटचं, फोटोशॉपमध्ये वर्किंग स्पेस म्हणून मॉनिटरचं प्रोफाईल लावू नकोस. नवीन माणूस हमखास हे करतो. ते विंडोजमध्ये लागतं, फोटोशॉप तिथून आपोआप उचलतो.

चाळकरी_क्लिक

झालं मंडळी!! सविस्तर लिहितो.

पहिला प्रयत्न फुकट गेला. स्पायडरचं झाकण केबलवर सरकून मॉनिटरच्या मागे लोंबतं, वजन म्हणून, आणि पुढे यंत्र स्क्रीनच्या मधोमध टेकतं. माझ्या डोक्यावर पंखा पाचवर. यंत्र हलकेच झुलायला लागलं आणि खालून ट्यूबचा उजेड आत. मला आधी कळेच ना की काळ्या पॅचची मापं दर वेळी वेगळी का येतायत. मग पंखा बंद, ट्यूब बंद, मॉनिटर जरासा मागे कलता केला म्हणजे यंत्र आपल्या वजनाने चिकटून बसलं. दारं-खिडक्या लावून घामाघूम होऊन मी पाऊण तास एकामागून एक बदलणारे रंगीत चौकोन बघत बसलो होतो, लाल, राखाडी, परत राखाडी, हिरवा. बाबा पाणी प्यायला उठले, बघितलं, काही न बोलता परत झोपले.

आकडे: आधी पांढरा ७३०० केल्विन, म्हणजे निळाच. काका, तुमच्या कागदाच्या ट्रिकने लावलेला ब्राइटनेस मोजला तर ११२ निघाला, मानलं तुम्हाला. १०० वर ठेवलेला असताना २६१ होता. डेल्टा ई सरासरी ४.६ वरून ०.८. एसआरजीबी ९६ टक्के, म्हणजे साडेअकरा हजारात वाईट नाही.

मेनूत निळा ८८ वर आणावा लागला. आता बाप्पाचा चेहरा स्क्रीनवरच पिवळट दिसतो, जसा प्रिंटमध्ये दिसत होता! म्हणजे प्रिंट खरा होता, लॅबवाल्याला मी उगाच शिव्या घातल्या. पिवळा काढला, परत ४ बाय ६ मारला आणि दिवसा खिडकीपाशी नेऊन बघितला. डिट्टो नाही, पण आता ओळखू येतो.

आता खरेदीचं. महिन्यातून एकदा लागणारी वस्तू एकट्याने घेणं पटत नाही. मी, चाळीतला एक लग्नाचे अल्बम करणारा पोरगा आणि परळचा एक मित्र असे तिघे कॉन्ट्री काढून नवीन कॅलिब्राइट घेतोय, आर्गिलच्या यादीत नाव बघूनच. अजून कोणी लालबाग-परळ-शिवडी पट्ट्यातलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चौघांत अजून स्वस्त पडेल.

शिवडीचा_फ्लेमिंगो

मी चौथा. पैसे लगेच पाठवतो, पहिला नंबर मात्र माझा, फ्लेमिंगो गेल्यावर काय उपयोग.

फोकसकाका

आकडे मस्त. पण मला १२ बाय १८ बघायचाय, कट्ट्याला आण. आणि अध्यक्ष काय म्हणाले ते सांग.

चाळकरी_क्लिक

म्हणाले, "आता बरा आलाय, पण मी कुठे आहे फोटोत?"

शिवडीचा_फ्लेमिंगो

चाळकरी, यंत्र आलं की हवाबंद डब्यात ठेव आणि आत सिलिका जेलची पुडी टाक. पुडीवर मोठ्या अक्षरात नाव लिही, माझ्याकडे मेव्हण्याने बडीशेप समजून फोडली होती.